ऊसतोडीची मजुरी मुकादमाच्या वहीतून नको, मंडळाच्या खात्यातून हवी

बालाघाटी

जानेवारी 2024 मध्ये पुण्यात ऊसतोडणीच्या दराचा करार झाला तेव्हा बहुतेक बातम्यांत एकच आकडा ठळक होता, 34 टक्के वाढ. टनाला 273 रुपयांचे 366 झाले, मुकादमाचं, म्हणजे मजुरांची टोळी जमवून आणणाऱ्याचं, कमिशन 20 टक्क्यांवर गेलं. करार तीन हंगामांचा होता. आता नव्या कराराची बोलणी होतील, पुन्हा संपाची भाषा होईल, पुन्हा टक्क्यांवर घासाघीस होईल आणि कुठल्यातरी आकड्यावर हात मिळतील. मला वाटतं या वेळी आपण दरापेक्षा वेगळी मागणी पुढे आणली पाहिजे. मजुरी किती, याच्याइतकंच ती कुणाच्या हातून येते हे महत्त्वाचं आहे, आणि त्यावर बोलणीच्या टेबलावर फारसं कुणी बोलत नाही.

आधी हिशोब बघू. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस उभा असेल, रान चांगलं असेल तर एक कोयता दिवसाला दोन टनांपर्यंत जातो. म्हणजे दोघांचे 732 रुपये, माणशी 366. त्यासाठी पहाटे चारला उठायचं, फडात जायचं, तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये आहे. एवढ्या मरणाच्या कामाला त्याच्यापेक्षा 54 रुपये जास्त.

आता पैशाची वाट बघा. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो. कारखान्याच्या हमीवर बँक वाहतूकदाराच्या नावानं कर्ज देते. वाहतूकदार ते मुकादमाला देतो आणि मुकादम पावसाळ्यात गावोगाव फिरून कोयत्यांना उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, वाटतो. पन्नास हजार, लाख, सव्वा लाख, जशी गरज आणि जसा कोयता. दसरा झाला की टोळी निघते. पाच महिने तोडलेल्या उसातून उचल फिटते की नाही हे मुकादमाची वही सांगते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर, आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे.

कारखान्याच्या दप्तरात शेतकऱ्याचं नाव आहे, गट नंबर आहे, वाहनाचा नंबर आहे, खेपेचं वजन किलोपर्यंत आहे. ज्यानं ऊस तोडला त्याचं नाव मात्र कुठेही नाही. म्हणूनच राज्यात ऊसतोड कामगार किती, याचे अंदाज आठ लाखांपासून चौदा-पंधरा लाखांपर्यंत पसरलेले आहेत. ज्यांची मोजदादच नाही त्यांना भविष्यनिर्वाह निधी कुणी द्यायचा, आणि अपघात झाला तर भरपाई कुणाकडे मागायची?

महाराष्ट्रात यावरचा उपाय 1969 पासून कायद्याच्या पुस्तकात आहे. माथाडी कायदा. हमालही टोळीनंच काम करायचे, आज या पेढीवर तर उद्या त्या, कायमचा मालक कुणीच नाही. कायद्यानं मंडळं उभी केली. कामगार मंडळात नोंदवला, व्यापारी मंडळात नोंदवला. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे कामगारांच्या सोयींसाठीची जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळानं मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना चालवायचा. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात ज्या लोकांना उभं केलं ते आपल्यासारख्याच दुष्काळी गावांतून गेलेले होते.

ऊसतोडीला हीच व्यवस्था लावावी, ही माझी मागणी. नावाला गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांकडून टनाला 10 रुपये आणि तेवढेच सरकारकडून, अशी त्याची रचना ठरली. राज्यात बऱ्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे फक्त कारखान्यांचे शंभर कोटी होतात. पण हे महामंडळ कल्याणाच्या योजना चालवण्यासाठी आहे. मजुरी त्याच्या हातून जात नाही, आणि जोवर मजुरी जात नाही तोवर कामगाराला त्याच्याशी बांधून ठेवणारं काही नाही.

जाणकारांनी बोलावं. विशेषतः जे फडाच्या दुसऱ्या बाजूला आहेत त्यांनी.

---

वारणाकाठ

दुसऱ्या बाजूचा मी. सव्वातीन एकर ऊस, दरवर्षी तोडीची वाट बघणारा.

तुमची तळमळ कळते, पण तोडणी-वाहतुकीचा खर्च कुणाच्या खिशातून जातो हे आधी लिहा. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3550 जाहीर झाली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करून उरलेले आमच्या खात्यात येतात. 34 टक्के वाढ कारखान्यानं दिली असं पेपरात आलं, दिली आम्ही. तुमची लेव्हीही आम्हीच देणार. वर फडात टोळी आली की तिला वरचे पैसे म्हणजे खुशाली वेगळी, ड्रायव्हरला वरचे पैसे म्हणजे एन्ट्री वेगळी. उशीर झाला तर ऊस वाळतो, वजन घटतं, तुरा येतो. त्यामुळं मागतील तेवढे द्यावे लागतात. पावती कशाचीच नाही.

आणि मुकादमाचं म्हणाल तर आमच्या भागात वाहतूकदार म्हणजे आमचीच पोरं. ट्रॅक्टर घेतला, कारखान्याच्या हमीवर कर्ज काढलं, मुकादमाला दहा-बारा लाख दिले आणि हंगामाला टोळीच आली नाही. फोन बंद. माझ्या भावकीतल्या एकानं त्यापायी जमीन विकली. त्याच्या घरातलं रडणं आम्ही ऐकलंय. नुसता कामगार पिळला जातो असं चित्र अर्धं आहे.

---

बालाघाटी

वारणाकाठ दादा, तुम्ही सांगितलं ते माझ्याच बाजूचं आहे. वाहतूकदाराचे दहा लाख का बुडतात? ते चिठ्ठीवर, विश्वासावर, एका माणसाच्या हातात जातात म्हणून. तोच मुकादम दोन कारखान्यांकडून उचल घेतो, कोयत्यांना अर्धी वाटतो, आणि कुणाच्याच कागदावर त्या वीस कोयत्यांची नावं नसतात. उचल मंडळानं थेट कोयत्याच्या खात्यात दिली आणि नोंदणी क्रमांकावर टाकली, तर एका कोयत्यावर दोन कारखान्यांची उचल निघणारच नाही. तुमच्या भावकीतल्या पोराला ट्रॅक्टरच्या कर्जाशिवाय दुसऱ्या कर्जाची जबाबदारीच राहणार नाही.

एफआरपीचा मुद्दा मात्र मोठा आहे. त्यावर कायद्यात स्पष्ट शब्द लागतील.

---

खडूफळा

मी शिक्षक आहे, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग निम्मा होतो.

हंगामी वसतिगृह म्हणजे गावातच आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांची दोन वेळच्या जेवणाची सोय. जिथे नीट चालतं तिथे मुलं खरोखर थांबतात, हे मी बघितलंय. पण मंजुरी आणि पैसे हंगाम अर्धा झाल्यावर यायला लागले की काही उपयोग राहत नाही. टोळी दसऱ्याला निघते, पोर त्याच ट्रॅक्टरवर बसतं. नंतर सोय झाली तरी ते सांगली-कोल्हापूरकडच्या कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, असतं, धाकटं भावंड सांभाळत. 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना आली, प्रत्येकी शंभर मुलांची. हेतू उत्तम. पण गावपातळीवर प्रश्न असा येतो की हे पोर ऊसतोड कामगाराचं आहे याचा पुरावा काय? ग्रामसेवकाचं ओळखपत्र असेल तर ठीक. नसेल तर मुकादमाकडून लिहून आणा. म्हणजे शाळेच्या दारातसुद्धा शेवटी मुकादमच.

बालाघाटींच्या मागणीला पाठिंबा, पण एक शंका आहे. उचल बंद करा असं कुणी म्हणू नये. जून-जुलैत इथे हाताला काम नसतं. पोरीचं लग्न, म्हाताऱ्याचं ऑपरेशन, बी-बियाणं, सगळं त्या उचलीवर चालतं. उद्या मंडळानं दरमहा पगार देतो म्हटलं आणि पावसाळ्यात एकरकमी काही दिलं नाही, तर माणसं मंडळाला टाळून परत मुकादमाच्या ओसरीवर जातील.

---

बालाघाटी

सर, पूर्ण मान्य. उचल राहिली पाहिजे, फक्त ती देणारा बदलला पाहिजे. बिनव्याजी, नोंदीत, आणि एका हंगामाच्या अंदाजे कमाईच्या ठरावीक वाट्यापेक्षा जास्त नाही. हंगामात ऊस कमी निघाला तर बाकीपोटी माणसाला अडवून ठेवता येणार नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे. कर्जाच्या बदल्यात श्रमाला बांधून ठेवणं तेव्हापासून गुन्हा आहे, आणि तरीही दर हंगामात टोळी डांबून ठेवल्याच्या बातम्या येतात. त्यात लेकरंही असतात.

---

पुणे३०

बाहेरून वाचणारा आहे, चूक वाटल्यास सांगा. पण मूळ प्रश्न बीडमध्ये काम नाही हा नाही का? तिथे उद्योग आले, पाणी आलं, तर स्थलांतरच थांबेल. मंडळ काढून आपण स्थलांतर कायमचं करत नाही आहोत का?

---

खडूफळा

अहमदनगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. बीडला पहिली गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. तीस वर्षं. त्या तीस वर्षांत ज्यांनी कोयता धरला त्यांच्या मुलांनीही आता धरला आहे. उद्योग यावेत, पाणी यावं, त्यासाठी भांडूच. पण विकास येईपर्यंत मजुरीचा हिशोब मुकादमाच्याच वहीत राहू द्या, असं मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या आईबापांना सांगू शकत नाही.

दुसरं असं की बीड जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, ऊसही आहे. नुसता कारखाना उभा राहिल्यानं कोयता सुटत नाही.

---

शेतकी_गट

एका कारखान्याच्या शेती विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही.

नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की तोडणी कामगाराशी आपला कसलाही करार नाही, आपला करार वाहतूकदाराशी. कुठल्याही कागदावर त्याला "आपला कामगार" म्हणायचं नाही. फडात साप चावला, ट्रॉली उलटली, बाई गाडीखाली आली, की पहिला प्रश्न "टोळी कुणाची?" हाच. मदत व्हायची, नाही असं नाही. पण ती माणुसकी म्हणून. हक्क म्हणून कुणाला काही मिळाल्याचं मला आठवत नाही.

तांत्रिक बाजू लोकांना वाटते तेवढी अवघड नाही. ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, स्लिप, काट्यावरचं वजन, सगळं संगणकावर आहे. गाडी काट्यावरून उतरली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर वजनाचा मेसेज जातो. त्याच नोंदीत टोळीचा क्रमांक घालायला एक रकाना लागतो. एका खेपेत आठ-दहा कोयत्यांचा ऊस असतो, तो कोयतानिहाय वेगळा काढता येणार नाही. पण टोळीतही हिशोब शेवटी खेपेवरच होतो. टोळीतल्या हजर कोयत्यांत खेप वाटायची. हजेरी मात्र मुकादमानं एकट्यानं लावायची नाही, स्लिपबॉयनं, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसानं, फडात येऊन लावायची. तो तसाही फडात असतोच.

मुकादम नाहीसा होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. टोळी जमवणं, भांडणं मिटवणं, बैल आजारी पडला तर डॉक्टर आणणं, कोपीला जागा बघणं, हे काम कुणीतरी करावंच लागतं. त्याचं 20 टक्के कमिशन त्याला त्याच्या खात्यात द्या. कामगाराचे पैसे त्याच्या हातून जायची गरज नाही.

---

कोयत्याची_लेक

आई-वडिलांबरोबर कोपीत वाढले, आता नर्स आहे. वर सगळं वाचलं. कुठेच बाई नाही म्हणून लिहिते.

2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर आरडाओरडा झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहातली एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, ते चांगलं झालं. पण बाई दवाखान्यापर्यंत का जाते ते त्या परवानगीनं बदलत नाही. फडात संडास नाही, पाणी नाही. पाळीत तेच कापड ओलं, त्यावरच दिवसभर मोळ्या. अंगावरून जातं, दुखतं, पण बसता येत नाही. खाडा पडला की मजुरी तर जातेच, वर दंड लागतो, आणि कोयता जोडीचा असल्यामुळं एकीच्या खाड्यानं नवऱ्याचंही काम अडतं. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. पंचविशी-तिशीतल्या बायका काढून टाकतात. पुढं कंबर धरते, हाडं दुखतात, चाळिशीत म्हातारपण येतं. मी रोज बघते.

सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत तोडणाऱ्या बायका आहेत. बाळंतपण कोपीत झालेल्या आहेत. गावाकडं नोंदणी झालेली असते, इंजेक्शनं एकीकडं, कार्ड दुसरीकडं, आणि पाच महिने तिचा पत्ता कुठल्याच आशाताईच्या यादीत नसतो.

म्हणून मंडळ होणार असेल तर लेव्हीतून आजारपणाची आणि बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दिवसापासून लिहा. दवाखाना, वसाहत, बोनस नंतर आले तरी चालतील. खाड्याचा दंड बेकायदा ठरवा.

---

माथाडी_वसाहत

नवी मुंबईतून. वडील मसाला मार्केटात माथाडी होते, मूळ सातारा जिल्ह्यातले.

कोयत्याची लेक ताई, तुमचा प्रतिसाद वाचून खूप त्रास झाला. वडिलांच्या पाठीवर पोत्यांचे घट्टे होते, पण महिन्याला पगार मंडळातून यायचा, दिवाळीला बोनस यायचा, आणि निवृत्त झाल्यावर जी रक्कम हातात आली तिच्यातून बहिणीचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं. कोपरखैरणे-घणसोलीच्या वसाहती अशाच उभ्या राहिल्या. आम्हा भावंडांना कुणी पोतं उचलायला लावलं नाही. त्यामुळं ही कल्पना चालते का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन.

पण आमच्याकडचे दोषही ऐकून ठेवा. मंडळांत माथाडीच्या नावावर माथाडी नसलेले शिरले. काम न करता टोळीत नाव, कारखानदाराला धमकी, खंडणी. खऱ्या माथाड्याची बदनामी त्यांनी केली. शिवाय मंडळांच्या नेमणुका रखडतात, तक्रार कुणापुढं करायची तेच कळत नाही. नोंदणी नेत्याच्या शिफारशीवर ठेवलीत तर तुमच्याकडेही हेच होणार. यादी ग्रामसभेत जाहीर वाचा. आपल्या गावात कोण तोडायला जातं हे गावाला पक्कं माहीत असतं.

---

पाचट_वजावट

हार्वेस्टर चालवतो. खरं सांगू का, तुमचं मंडळ येईपर्यंत अर्ध्या फडांत मशीन असेल. 2023 मध्ये सरकारनं 900 मशिनना अनुदान काढलं, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यातलं कमी असेल ते. टोळीवरचं अवलंबन संपवायला कारखाने आणि शेतकरी दोघंही तयार आहेत. अडचण एवढीच की लहान तुकडे, पडलेला ऊस आणि अरुंद सरी इथं मशीन चालत नाही, आणि मशीनच्या उसातल्या पाचटापोटी वजनात होणारी वजावट शेतकऱ्याला नको असते.

---

बालाघाटी

मशीनला माझा विरोध नाही. ज्या कामानं आमच्या बायकांची ही अवस्था केली ते काम मशीननं केलं तर बरंच आहे. पण एका मशीनमागं सरकार 35 लाखांपर्यंत देतं, आणि त्या मशीननं ज्या कोयत्यांचं काम घेतलं त्यांच्यासाठी सरकारच्या कुठल्या खात्यात किती आहे? कोणाचं काम गेलं हे दाखवायलाही यादी लागते. म्हणून लेव्ही गाळलेल्या टनावर असावी, तो टन माणसानं तोडलेला असो की मशीननं. मशीन वाढली तरी मंडळाचा निधी आटणार नाही आणि तोच पैसा सुटलेल्या माणसाला शेळीपालन, ठिबक, विहीर, प्रशिक्षण यांसाठी देता येईल.

माथाडी वसाहत, ग्रामसभेचा मुद्दा उचलून घेतो. आमच्या तालुक्यातल्या काही गावांत येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरतंय. मसुदा असा होईल. प्रत्येक गावाची कोयत्यांची यादी ग्रामसभेत वाचून मंजूर करावी आणि हंगामाआधी महामंडळाला द्यावी. कारखान्यानं स्लिपवर टोळीचा क्रमांक टाकावा. मजुरी पंधरवड्याला थेट खात्यात, मुकादमाचं कमिशन त्याच्या खात्यात. उचल महामंडळामार्फत. आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा, खाड्याचा दंड बंद. आणि पुढचा दराचा करार होईल तेव्हा हे त्यात लिहिलेलं असावं, वेगळ्या आश्वासनाच्या पत्रात नको.

---

कोयत्याची_लेक

एक दुरुस्ती. यादी कोयत्यांची नको, माणसांची हवी. कोयत्याची केलीत तर नवऱ्याचं नाव लागेल आणि पैसे त्याच्याच खात्यात जातील. आज उचल तोच घेतो, अंगठा त्याचा, फेडायला दोघं. माझ्या आईनं बावीस हंगाम तोडलं आणि तिच्या नावावर कुठं एक ओळ नाही. बाईचं नाव वेगळं, खातं वेगळं, मजुरी अर्धी-अर्धी. विधवा आणि टाकलेल्या बायका अर्धा कोयता म्हणून जातात, त्यांना तर सगळ्यात कमी उचल मिळते. त्यांची नोंद आधी करा.

---

बालाघाटी

ताई, बदल केला. "कोयता" काढून "कामगार, स्त्री व पुरुष स्वतंत्र" असं लिहिलं आहे.

---

शेतकी_गट

प्रणालीत व्यक्तिनिहाय क्रमांक घालणं टोळीइतकंच सोपं आहे. काम वाढेल ते फक्त हजेरीचं. करता येईल.

---

वारणाकाठ

माझी अट तेवढी राहिली. लेव्ही एफआरपीतून वजा होणाऱ्या तोडणी खर्चात धरायची नाही, कारखान्यानं साखर, इथेनॉल, मोलॅसिस, विजेच्या उत्पन्नातून भरायची, हे वाक्य ठरावात घाला. आणि खुशाली-एन्ट्री घेणं बंद, तेही घाला. मजुरी नीट खात्यात गेली तर टोळीला ती मागायची वेळ येऊ नये. एवढं असेल तर आमच्या गावच्या ग्रामसभेतही हा ठराव मांडायला मी तयार आहे. मसुदा इथंच टाका, आमच्याकडच्या चार शेतकऱ्यांना दाखवतो.